रिकामा कप, सांडलेला चहा: लहान मुलांना 'खोटं खोटं' कसं कळतं?

निशिगंध (कासारवडवली, ठाणे)

मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. सध्या त्याचा दिवसभर एकच उद्योग चालतो, चहा करणे. स्टीलचं पिटुकलं पातेलं, दोन प्लास्टिकचे कप आणि गॅस म्हणून टीव्हीचा रिमोट. उकळी येते, फुंकर मारली जाते, कप माझ्यापुढे येतो. मी प्यायले नाही तर रडारड. इथवर ठीक.

परवा त्याच्या हातून कप कलंडला. रिकामाच होता. पठ्ठ्या उठून स्वयंपाकघरात गेला, ओट्याखालचं फडकं घेऊन आला आणि कप जिथे पडला होता बरोब्बर तिथली लादी पुसायला बसला. वर फडकं पिळलंसुद्धा. मला इतकं कौतुक वाटलं की मी खरं पाणी ओतून कप त्याच्या हातात दिला. तर असा संतापला! "नाही! चहा!" म्हणून कप ढकलूनच दिला.

सासूबाई हे पाहून घाबरल्या आहेत. पोराला खरं काय आणि मनातलं काय यातला फरक कळेनासा झालाय, असं त्यांना वाटतं. दर वेळी "यात काही नाही रे बाळा" असं सांगत जा म्हणतात. नवरा म्हणतो, मोठा झाला की जाईल आपोआप. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही ही काहीतरी कमतरता आहे असंच धरून चाललेत. त्या एवढ्याशा डोक्यात नेमकं काय चालतं ते मला समजून घ्यायचंय. त्याला लादीवर चहा दिसतो का? दिसत नसेल तर पुसतो कशाला? आणि पाणी का चालत नाही?

मुलं वाढवलेल्यांनी, शिकवलेल्यांनी, अभ्यास केलेल्यांनी सगळ्यांनी लिहा.

कोपरीकर

आमच्याकडे बस आहे. सोफ्याच्या हातावर बसून ठाणे स्टेशन ते वृंदावन सोसायटी, दिवसातून कितीतरी फेऱ्या. ड्रायव्हर आमचा मुलगा, कंडक्टर मी, घरातल्या उशा म्हणजे उभे प्रवासी. तिकीट म्हणून इस्त्रीवाल्याची जुनी पावती चालते. एकदा मी टीएमटीचं खरंखुरं तिकीट आणून दिलं तर म्हणाला, "हे नको, हे खरं आहे." तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. फरक कळत नाही हे मला तरी पटत नाही.

जुनी नेरूळकर

निशिगंध, आधी सासूबाईंना धीर द्या. माझी सगळी नोकरी बालवाडीत गेली, आणि शिक्षण कोसबाडच्या टेकडीवर झालं, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलेल्यांसाठी कुरणात भरवायची, ही त्यांची रीत. तिथे आम्हाला पहिली शिकवण मिळाली ती बघण्याची. मूल खेळत असताना तोंड मिटून बघत बसा.

तर बघून सांगते. मातीच्या पोळ्या पोरं मला रोज वाढायची. मी तोंडाजवळ नेऊन "वा, मऊ झाली आहे" म्हटलं की खूश. पण ती पोळी कुणी चावली नाही. तोंडापासून बोटभर अंतरावर हात थांबायचा, ओठांचा "मच मच" आवाज व्हायचा आणि पोळी परत ताटात. खरोखर माती खाणारी असायची ती फार लहान, वर्षाच्या आतबाहेरची, आणि त्यांना पोळी वगैरे काही म्हणायचं नसायचं.

तुमच्या मुलाचंही तसंच आहे. खरा चहा सांडला असता तर त्याने आधी तुमच्या तोंडाकडे पाहिलं असतं, आई रागावेल का म्हणून. इथे तो सरळ कामाला लागला. घाबरला नाही, भाजलं म्हणाला नाही.

आणि सासूबाईंना एक आठवण करून द्या. आपण पूजेला सुपारीचा गणपती मांडतो. ती सुपारी आहे हे कुणी विसरत नाही आणि पूजा चालू असताना तिला कुणी अडकित्ता लावत नाही. श्रद्धा वेगळी आणि खेळ वेगळा, पण दोन गोष्टी एका वेळी मनात धरायची जी हातोटी लागते ती त्यांच्यापाशी आहे, नातवापाशीही आहे.

अक्षर_ऐरोली

मी बालविकासाचं मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. काकूंनी सांगितलेली बोटभर अंतराची गोष्ट मी आता वर्गात सांगणार आहे.

निशिगंध यांनी घरी जे पाहिलं ते संशोधकांनी मुद्दाम घडवून पाहिलेलं आहे. पॉल हॅरिस आणि रॉबर्ट कॅव्हनॉ यांनी १९९३ साली लहान मुलांच्या अशा खेळांवर प्रयोगांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. खोटा चहा खोटाच सांडायचा आणि मुलाला पुसायला सांगायचं. अडीचच्या आसपासची मुलं कुठेही पुसत नाहीत, 'सांडलेली' जागा पुसतात. म्हणजे जे घडलंच नाही त्याचे परिणाम ती कार्यकारण लावून काढतात. ओतलं तर भरेल, कलंडलं तर सांडेल, सांडलं तर ओलं होईल, ओलं असेल तर पुसावं लागेल. हे सगळं ज्ञान खऱ्या जगातून आलेलं आहे, ते खेळात जसंच्या तसं लागू होतं.

याहून नेमका प्रयोग ॲलन लेस्ली यांचा. दोन कपांत खोटा चहा ओतायचा. मग "हे बघ" म्हणून एक कप उलटा करायचा, झटकायचा आणि परत जागेवर ठेवायचा. आता विचारायचं, रिकामा कप कुठला, भरलेला कुठला? डोळ्यांना दोन्ही कप सारखेच कोरडे. तरी दोन-तीन वर्षांची मुलं उलटा केलेला कप रिकामा म्हणून दाखवतात. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण 'रिकामा कप रिकामा आहे असं समजणं' हीच इथे कल्पना झाली! खरी गोष्ट आणि मानलेली गोष्ट एकच असूनही मूल ती मानलेल्या गोष्टीच्या हिशेबातून सांगतं.

लेस्ली यांनी १९८७ मध्ये एक मूलभूत प्रश्न विचारला होता. मूल त्या वयात जग शिकत असतं. हे केळं, हे सोलतात, हे खातात. अशात आई केळं कानाला लावून "हॅलो, बाबा आहेत का?" म्हणते. मग मुलाच्या ज्ञानात घोटाळा का होत नाही? केळ्यावरून फोन लागतो असं ते का शिकून बसत नाही? त्यांचं उत्तर असं की, 'हे केळं आहे' ही समजूत जागची हलत नाही. 'हा फोन आहे' ही दुसरी समजूत मन तिच्यापासून सुटी करून ठेवतं. सुटी असल्यामुळे ती पहिलीला बिघडवत नाही. आणि सुटी असली तरी तिच्यातून पुढचे तर्क काढता येतात.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: त्याला चहा दिसत नाही. दिसत नसूनही पुसता येतं, हीच त्याची कमाई आहे.

पाण्याचा राग का, तेही सांगतो. हानेस राकोत्सी यांनी २००८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर असे खेळ मांडले. एखादी वस्तू खेळापुरती अमुक आहे असं ठरवायचं आणि मग एका बाहुल्याने येऊन ती भलतीच म्हणून वापरायची. मुलं निषेध नोंदवतात, विशेषतः तीन वर्षांची तर बाहुल्याला शिकवायला जातात, असं नाही करायचं. त्यांच्या लेखी ठरलेल्या गोष्टीला नियमाचं वजन असतं आणि तो नियम खेळात आलेल्या सगळ्यांवर बंधनकारक असतो. चहा ठरलेल्या कपात तुम्ही पाणी ओतलंत, म्हणजे ठरलेलं मोडलंत.

मिहीर_खारघर

अक्षर, वाचायला मजा आली, पण एक शंका. यात 'मन' कशाला हवं? मुलाने घरात चहा होताना, सांडताना, पुसताना शंभरदा पाहिलंय. तो ते क्रमाने करून दाखवतोय, झालं. आमची मुलगी दीड वर्षाची असताना माझा बूट घालून, पिशवी खांद्याला अडकवून दाराशी "टाटा" करायची. ती काय 'मी बाबा आहे असं मानते' म्हणत होती? मला तर ती सरळ नक्कल वाटते.

आणि तुम्ही म्हणता तसं ते मानणं असेल, तर समोरचा माणूसही मानतोय हे त्याला कळतं का? मला हा प्रश्न जास्त अवघड वाटतो.

अक्षर_ऐरोली

मिहीर, दुसरा प्रश्न तुम्ही नेमका पकडलात. या विषयातला मोठा वाद तिथेच आहे.

नकलेबद्दल आधी. सुरुवात नकलेसारखीच असते, खरं आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजे यांनी १९४५ सालच्या त्यांच्या ग्रंथात स्वतःच्या मुलीची नोंद दिली आहे. सव्वा वर्षाची असताना तिने एका कापडाची झालर पाहिली, तिच्या उशीच्या झालरीसारखी. ते धरून आडवी झाली, डोळे मिचकावत झोपल्याचं सोंग केलं आणि हसत होती. ते हसू महत्त्वाचं. झोपण्याची सवय तिने झोपेच्या वेळेपासून आणि अंथरुणापासून सोडवून घेतली होती. कपांच्या प्रयोगात तर नकलेला वावच नाही, कारण मुलाला करून दाखवायचं काहीच नसतं, फक्त उत्तर द्यायचं असतं, आणि त्याआधी 'कोरडा कप झटकून आता रिकामा कुठला' असं त्याला घरी कुणी विचारलेलं नसतं.

आता समोरच्याच्या मनाचं. लेस्ली म्हणतात, जी यंत्रणा मुलाला स्वतः मानायला मदत करते तीच दुसरा मानतोय हे ओळखायलाही. म्हणजे दुसऱ्याच्या मनाची पहिली ओळख भातुकलीत होते. याला अँजेलिन लिलार्ड यांनी १९९३ मध्ये हरकत घेतली. त्यांनी मुलांना मो नावाचा एक परप्रांतीचा बाहुला दाखवला. मो एका प्राण्यासारख्या उड्या मारतोय. पण त्याच्या गावी तो प्राणी नाही, त्याने कधी पाहिला नाही, ऐकला नाही. मग मो तो प्राणी झाल्याचं नाटक करतोय का?

मोठा माणूस म्हणेल, छे, माहीतच नाही तर नाटक कसलं करेल? पण चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, हो, करतोय. उड्या मारतोय ना! म्हणजे त्यांच्या लेखी नाटक हे हातापायांनी करायचं काम आहे. त्यामागे डोक्यात काही कल्पना असावी लागते, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. पाच वर्षांच्याही बऱ्याच मुलांचं असंच होतं. यावर टीका झाली, की प्रश्नच अवघड आहे, 'माहीत नाही' आणि 'तरी करतोय' हे दोन्ही एकदम धरायला लावतो. टीकेत तथ्य आहे. पण तो प्रश्न सोपा करून विचारला तरी लहान मुलं कृतीकडेच जास्त बघतात, असं माझं वाचन सांगतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, करता येणं आधी येतं आणि त्याचा अर्थ बऱ्याच उशिरा. निशिगंधचा मुलगा आज उत्तम चहा करतो. 'आईही माझ्यासारखंच मनातल्या मनात चहा धरून बसली आहे' हे त्याला शब्दांत कळायला अजून दोन-तीन वर्षं जातील. त्या मधल्या काळात तो आईबरोबर एकाच कल्पनेत राहू शकतो, हे मला आश्चर्याचं वाटतं आणि इतकी वर्षं शिकवूनही वाटत राहतं.

तुलनेसाठी सांगतो. चॉकलेट एका कपाटात ठेवून मुलगा बाहेर गेला, आईने ते दुसरीकडे ठेवलं, आता परत आल्यावर तो कुठे शोधेल? विमर आणि पेर्नर यांचा हा १९८३ चा प्रयोग. तीन वर्षांची मुलं चुकतात, ती जिथे चॉकलेट आहे तिथेच बोट दाखवतात. समोरच्याच्या डोक्यात चुकीची माहिती असू शकते हे साधारण चार-पाचच्या सुमारास कळतं. फ्लेव्हेल यांच्या प्रयोगातला दगडासारखा दिसणारा स्पंजही तसाच. हातात घेऊन दाबून पाहिला तरी तीन वर्षांच्या मुलाला 'दिसतो दगड, आहे स्पंज' हे नीट सांगता येत नाही. मात्र त्याच वयात 'आहे केळं, आपण मानतोय फोन' हे बरंच जमतं. फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही तुलना केली होती. खेळात मूल स्वतःहून पुढे गेलेलं असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की म्हणत ते हेच, की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. सुपारीचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग "बरोबर आहे हो बाईंचं" म्हणाल्या.

एक राहिलं. मी खरा चहा पिते तेव्हा तो कधी हात लावत नाही, गरम असतो हे त्याला माहीत आहे. आणि मी खोटा प्यायले की टाळ्या. मी न सांगता त्याला कसं कळतं यातला कुठला कुठला?

अक्षर_ऐरोली

स्वतःकडे बघा एकदा खोटा चहा पिताना. लिलार्ड आणि विदरिंग्टन यांनी २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. दीड वर्षाच्या मुलांच्या आयांना आधी खरा खाऊ खायला सांगितला, मग खोटा. खोटा खाताना आया मुलाकडे जास्त वेळ बघत होत्या, जास्त हसत होत्या, आवाज जास्त काढत होत्या, हात भराभर हलवत होत्या. खरं खाताना आपण घासाकडे बघतो. खोटं खाताना आपण मुलाकडे बघतो. हे कुणी शिकवलेलं नसतं, आपण नकळत करतो आणि मूल ते वाचतं.

शाल्मली

माझी शंका थोडी वेगळी, पण इथेच विचारते. मुलगी पाच वर्षांची आहे, आम्ही वाशीला राहतो. तिची एक मैत्रीण आहे, जी नाही. नाव पिंकुली. पिंकुली आमच्या लिफ्टच्या आरशात राहते, तिला भेंडी आवडत नाही, आणि शाळेतून उशीर झाला की ती रुसते. जेवताना तिला पाट मांडायचा. शाळेत बाईंनी ऐकलं आणि मला बोलावून सांगितलं, मुलगी खोटं बोलते, लक्ष द्या. मुलीला सगळ्यांसमोर "अशी कुणी नाहीये" असं म्हणायला लावलं. ती घरी येऊन गप्प बसली, आणि पिंकुलीचं नाव दोन दिवस घेतलं नाही. मला ते फार लागलं.

त्यात भर म्हणजे रात्री पलंगाखाली 'बागुलबुवा' आहे म्हणते. मी विचारते, खरंच आहे का गं? ती म्हणते, नाही, मनातला आहे. पण खाली पाय ठेवत नाही! मनातला आहे हे कळतं तर भीती का?

जुनी नेरूळकर

शाल्मली, त्या बाईंवर मनात राग धरू नका, पण त्यांनी केलं ते योग्य नव्हे. खोटं बोलणारं मूल तुम्हाला फसवायला बघतं. पिंकुलीसाठी पाट मांडायला सांगणारं मूल तुम्हाला बोलावतं आहे. सगळ्यांसमोर 'नाहीये' म्हणायला लावलं, तेव्हा तिला ठाऊक नसलेलं काहीच सांगितलं गेलं नाही. फक्त बोलावणं परत पाठवलं गेलं.

पाट मांडा. मात्र पिंकुली काय म्हणते हे तुम्ही ठरवू नका, तिलाच विचारा. आणि भेंडी पिंकुलीला नको असेल तर नसू द्या, लेकीने आपली खावी. हे माझ्या अनुभवाने चालतं.

अक्षर_ऐरोली

काकूंना पूर्ण अनुमोदन. मार्जरी टेलर यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या २००४ च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. यात ज्यांच्याशी माणसासारखं नातं जोडलेलं असतं अशा बाहुल्या, भालू वगैरेही धरलेत. म्हणजे ही विरळा गोष्ट नाहीच. आणि मुलाखतीत मध्येच थांबून मुलंच सांगायची, "ती खरी नाहीये हं", समोर बसलेली मोठी बाई खरं समजून बसली असेल या काळजीने.

बागुलबुवाबद्दल. वेलमन आणि एस्टीज यांच्या १९८६ च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, एका मुलाकडे बिस्कीट आहे आणि दुसरा बिस्किटाचा विचार करतोय, हात कुणाच्या बिस्किटाला लावता येईल? मुलांनी उत्तर बरोबर दिलं. म्हणजे शाल्मलीच्या मुलीचं ज्ञान पक्कं आहे. तरी भीती का? हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मुलांना एक रिकामी पेटी उघडून दाखवली, बंद केली आणि सांगितलं, आता यात राक्षस आहे अशी कल्पना कर. मुलांनी स्पष्ट सांगितलं की तो खोटा आहे. पण प्रयोग घेणाऱ्या ताई खोलीबाहेर जायला निघाल्या तेव्हा काही चिमुरड्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. कल्पना मनात ठसठशीत उभी राहिली की 'असेलच तर?' हा विचार ज्ञानाला बाजूला सारतो. मोठ्यांचंही होतं की हे. भयपट पाहून रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवणारे आपल्यात कमी नाहीत.

म्हणून तिच्याशी "आहे की नाही" यावर वाद घालू नका, तिला उत्तर माहीत आहे. पलंगाखाली टॉर्च घेऊन दोघी मिळून बघा, किंवा बागुलबुवालाच झोपायला लावा. भीती कल्पनेतून आली आहे, तर उपायही तिथेच लवकर सापडतो.

घोडबंदर_बाबा

मुलीसाठी प्लेग्रुप बघतोय. एका ठिकाणी 'रोल-प्ले झोन' आहे, छोटं सुपरमार्केट, छोटं क्लिनिक, आणि त्याची फी वेगळी. माहितीपत्रकात लिहिलंय की यामुळे बुद्ध्यांक वाढतो, सर्जनशीलता वाढते, आणि हे संशोधनाने सिद्ध झालंय. घ्यावं का?

अक्षर_ऐरोली

सिद्ध झालेलं नाही. लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. काल्पनिक खेळामुळेच बुद्धी, सर्जनशीलता किंवा प्रश्न सोडवण्याची क्षमता वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषा, गोष्ट सांगणं, भावना आवरणं याबाबत शक्यता खुली राहिली. खेळणारी मुलं हुशार दिसतात खरी, पण जी आई-आजी खेळते तीच भरपूर बोलतेही, मग श्रेय कुणाला द्यायचं?

मुलांनी खेळावं ते मुलांना हवं असतं म्हणून. त्यासाठी वेगळी फी देऊ नका. घरातलं खोकं पुरतं.

जुनी नेरूळकर

आणि आईबाप खेळायला बसलेच पाहिजेत असंही ओझं घेऊ नका. आमच्या वाड्यांवर मोठी माणसं भाताच्या कामात असायची. धाकटी पोरं थोरल्या बहिणींकडून सगळं शिकायची.

अक्षर_ऐरोली

काकू, याचीही नोंद आहे. बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री वगैरेंनी १९९३ मध्ये चार समाजांचा अभ्यास केला, त्यात भारतातली ढोल-की-पाटी ही आदिवासी वस्ती होती. तिथे मुलाचा खेळगडी होणं हे आईचं काम मानलं जात नव्हतं. अमेरिकेतल्या शहरी मध्यमवर्गात मात्र मानलं जात होतं. मुलं दोन्हीकडे वाढतात, खेळतात.

वरदा_बालरोग

उशिरा आले, पण डॉक्टर म्हणून एक मुद्दा जोडते. हे वाचून कुणीतरी आई घरी जाऊन बाळाला केळं दाखवेल आणि त्याने "हॅलो" म्हटलं नाही म्हणून रात्रभर जागी राहील. तसं करू नका.

स्वमग्नतेची (ऑटिझमची) लवकर शंका यावी म्हणून आम्ही १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली वापरतो. त्यात एक प्रश्न याच खेळाबद्दल आहे, बाळ फोनवर बोलल्याचं, बाहुलीला भरवल्याचं नाटक करतं का. पण तो बऱ्याच प्रश्नांपैकी एक आहे. हाक मारल्यावर बघतं का, बोट करून तुम्हाला काही दाखवतं का, तुम्ही बोट केलं तिकडे बघतं का, हे त्याच्या जोडीने पाहायचं असतं. आणि ती चाळणी आहे, निदान नव्हे. शंका असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथेही विचारता येतं आणि ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. वाट बघण्यात महिने घालवू नका, एवढंच.

स्वमग्न मुलं खेळत नाहीत असंही नाही. बरीच खेळतात, कुणी सुरुवात करून दिली की जास्त खेळतात.

निशिगंध

काल संध्याकाळी सोसायटीच्या बागेत सासूबाईंनीच कपांचा प्रयोग केला! बाकावर दोन कप मांडले, चहा ओतला, एक उलटा करून झटकला. आमच्या चिरंजीवांनी विचारण्याआधीच झटकलेला कप उचलून "संपला" म्हटलं. पण शेजारचा साडेचार वर्षांचा म्हणाला, "आजी, दोन्ही रिकामेच आहेत की." आता सासूबाई विचारतायत, मोठा चुकला का?

अक्षर_ऐरोली

अजिबात नाही. त्याने प्रश्न खेळाबाहेर उभं राहून ऐकला आणि खरं उत्तर दिलं. धाकटा खेळाच्या आत होता. मोठ्या मुलाला एखादी बाई नेमका प्रश्न विचारू लागली की ती परीक्षा वाटते, मग तो जपून उत्तर देतो. पुढच्या वेळी 'रिकामा कुठला' असं विचारू नका. "पाहुणे आलेत, त्यांना कुठला कप देऊ?" असं विचारायला सांगा. बहुधा भरलेलाच उचलेल.

आणि त्याला दुसरा प्रश्न विचारून बघा, मो वाला. आपल्याकडे असा विचारता येईल: "ढब्बू नावाचा एक मुलगा आहे. त्याच्या गावात बेडूक नाहीतच. त्याने बेडूक कधी पाहिला नाही, बेडूक हे नावही ऐकलं नाही. पण तो बघ कसा टुणटुण उड्या मारतोय, अगदी बेडकासारख्या. मग ढब्बू बेडूक-बेडूक खेळतोय का?" आधी एवढी खात्री करून घ्या की ढब्बूला बेडूक माहीत नाही हे त्याच्या लक्षात राहिलंय. उत्तर काहीही आलं तरी दुरुस्त करू नका, "का रे?" एवढंच विचारा. तो कारण काय देतो ते त्याच्याच शब्दांत इथे लिहा. शाल्मली, कोपरीकर, तुम्हीही विचारा, मुलाचं वय मात्र सोबत द्या.